न विकल्या गेलेल्या पिल्लांचं काय?

"डॉक्टर ताई, मी ३१ वर्षांचा आहे. भांडुपला आईवडील आणि बायकोसोबत राहतो, नोकरी बरी आहे. सापांचं वेड शाळेपासूनचं. कॉलेजात असताना सर्पमित्रांबरोबर रात्री-अपरात्री फिरून धामण, नाग, घोणस हाताळायला शिकलो. दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या ओळखीतून बॉल पायथन या परदेशी अजगराची जोडी घेतली. नर पाइड आहे, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं. मादी दिसायला साधी, पण पाइडचं जनुक बाळगणारी. गेल्या वर्षी 'स्पायडर' नावाच्या नक्षीची आणखी एक बॉल पायथन मादीही आली. घेताना पावती वगैरे काही नव्हती. आता मित्र म्हणतो, भागीदारीत पाच लाख घालू, वीस माद्यांसाठी टबांचं रॅक लावू, एकेक दुर्मिळ पिल्लू पन्नास हजाराला जाईल. बायको म्हणते, मुक्या जिवाचा धंदा नको. आई म्हणते, घरात साप कोंडलेत म्हणून पाळणा हलत नाही. बाबा काहीच बोलत नाहीत. मित्राचं म्हणणं, कैदेत पैदास झाली की जंगलातले साप वाचतात, म्हणजे आपण पुण्याचंच काम करतोय. कुत्र्यांची पैदास चालते, मग सापांनीच काय घोडं मारलंय? मला चूक-बरोबर कळेनासं झालंय. अरेतुरे केलंत तरी चालेल.
— भांडुपचा एक सर्पवेडा"

अरेतुरेच करते. आणि उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. हा धंदा करू नकोस. पाच लाख घालू नकोस, आणि येत्या हिवाळ्यात आहे ती जोडीसुद्धा लावू नकोस.

तुझ्या पत्रात पावतीचं वाक्य तू पटकन उरकून टाकलंयस. मी तिथेच अडकले. बॉल पायथन आपल्याकडचा साप नाही. तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो वर्षानुवर्षं जगभर जातोय. मग भांडुपच्या फ्लॅटमध्ये तो पोचला कसा? एक वाट आपण पेपरात वाचलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात महसूल गुप्तचर संचालनालयाला नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत भरलेले. तुझी जोडी अशीच आली असं मी म्हणत नाही. ती कशी आली ते तुला माहीत नाही, आणि ज्याला माहीत होतं त्याने कागद दिला नाही, एवढंच म्हणते.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण यात तुझी मान अडकलेली आहे. परदेशी जिवंत प्राणी आणायला विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. जून २०२० मध्ये केंद्राने, ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून सांगावं, अशी योजना आणली होती. पुढे २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतले प्राणी आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत आणि बॉल पायथन त्यात येतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला सहा महिने दिले होते. ताबा, हस्तांतर, जन्म, मृत्यू, सगळ्याची नोंद. तुझी जोडी त्या मुदतीत तुझ्या घरात होती की नव्हती ते तूच महिने मोजून बघ. नोंद मात्र झालेली नाही, हे तुझ्या पत्रावरूनच दिसतंय. आणि विनाकागद जोडीची पिल्लं विनाकागदच राहतात. पन्नास हजार देणाऱ्या माणसाच्या गळ्यात तू सापाबरोबर हेही अडकवशील.

समज, उद्या सगळे कागद झाले. तरी माझं उत्तर बदलत नाही. कागद असलेल्यांनाही मी हेच सांगते, आणि त्याचं कारण तुझ्याच घरात एका टबात बसलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा उशीच्या अभ्र्यात साप घालून माझ्या दवाखान्यात आला. स्पायडरच होता, दीड वर्षाचा. सोनेरी पाठीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा, बघत राहावं असा. तक्रार एवढीच की खात नाही. मी त्याला टेबलावर सोडला. त्याने मान उचलली. ती डावीकडे कलली, कलतच राहिली, आणि हळूहळू गळा छताकडे, डोळे टेबलाकडे, असा तो उलटा होऊन थांबला. डोकं बारीक थरथरत होतं. कोमट पाण्यात गरम केलेला उंदीर मी चिमट्याने पुढे धरला. भूक होती, जीभ सारखी आतबाहेर करत होती. त्याने झडप घातली ती उंदरापासून चार बोटं बाजूला, चिमट्याच्या दांड्यावर. दुसरी हवेत. तिसऱ्या वेळी मी उंदीर जवळजवळ जबड्याला टेकवला, तेव्हा कुठे त्याने धरला. मुलगा म्हणाला, "असंच करतो तो. स्पायडर आहे ना."

त्याला ते माहीत होतं. ज्याने विकला त्यालाही माहीत असणार. स्पायडरची नक्षी आणि हे डोकं फिरणं एकाच जनुकाबरोबर येतं. कमी-जास्त असेल, पण येतंच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सापांच्या कानाचा आतला भाग तपासला, तेव्हा तोल सांभाळणारी त्याची घडणच बिघडलेली दिसली. आफ्रिकेतून आणलेल्या एका सापापासून १९९९ मध्ये अमेरिकेत ही नक्षी पैदाशीत आली आणि तेव्हापासून हा दोष पिढ्यान्‌पिढ्या जाणूनबुजून पुढे चालवला जातोय, कारण रेघा सुंदर दिसतात. तुझी मादी कशी खाते? डोकं वळवताना बघ एकदा, मोबाइल बाजूला ठेवून, दहा मिनिटं.

कुत्रा कण्हतो, मांजर ओरडून घर डोक्यावर घेतं. सापाला पापणी नाही, फूत्कारापलीकडे आवाज नाही, चेहऱ्यावर काही उमटत नाही. बॉल पायथन तर घाबरला की डोकं मधे घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, नावच त्यावरून पडलंय. लोक तो गोळा हातात घेऊन म्हणतात, किती शांत आहे. दुकानदारही त्याला 'शांत साप' म्हणूनच विकतो. तू रानातले साप हाताळलेला माणूस आहेस. घाबरलेला साप आणि निवांत साप यांतला फरक तुला मी शिकवायला नको. गिऱ्हाईकाला तो कळत नाही, आणि ज्याचं दुःख दिसतच नाही त्याच्या धंद्यात चूक सुधारायला कोणी सांगतही नाही. म्हणून तुझ्यासारख्याने तरी डोळे उघडे ठेवायला हवेत असं मला कळकळीने वाटतं.

आता तुझ्या मित्राच्या हिशेबाकडे येऊ. तो कोणती पिल्लं मोजतोय ते तू विचारलंयस का? मादी एका वेळी साधारण सहा अंडी घालते असं धर. वीस माद्यांपैकी काही त्या वर्षी घालणार नाहीत, काही अंडी वाया जातील. ऐंशी पिल्लं झाली म्हणू. पाइड नर आणि पाइडचं जनुक बाळगणाऱ्या माद्या, म्हणजे हिशेबाने निम्मी पिल्लं पाइड होतील. चाळीस. मित्र त्या चाळिसांचे पैसे मोजतोय. उरलेली चाळीस आईसारखी साधी तपकिरी असतील. ती कुठे जाणार? परदेशात याची उत्तरं आहेत. काही जण ती चार पैशांत कुठल्याही दुकानाला घाऊक देतात, काही जण गाजावाजा न करता मारून टाकतात. तू दोन्हींपैकी काय करशील? दर आठवड्याला ऐंशी तोंडांना उंदीर लागतील, ते तर वेगळंच.

बरं, बॉल पायथन थोडंथोडकं जगत नाही. नीट ठेवला तर पंचवीस-तीस वर्षं सहज. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० साली, वय साठीच्या पुढे असताना, अंडी घातली होती, आणि तीही कितीतरी वर्षं नर जवळ नसताना. तू आज उबवलेलं पिल्लू तुझ्या निवृत्तीच्या वर्षी जिवंत असू शकतं. ते तेव्हा कोणाकडे असेल, हे विकताना तुला सांगता येणार आहे का?

आणि हा भावही टिकत नाही. पहिला अल्बिनो बॉल पायथन १९९२ मध्ये कैदेत पैदा झाला, तेव्हा अशा पिल्लाला हजारो डॉलर मोजणारे होते. आता तिकडे ते हौशी पोरांच्या खिशाला परवडतं. पाइडचीही तीच गत झाली. कारण सरळ आहे. इतकी किंमत देणारा माणूस साप बघायला घेत नाही, पिल्लं काढायला घेतो. प्रत्येक गिऱ्हाईक दोन वर्षांत तुझ्यासमोर दुकान मांडतं. आपल्या राज्यात इमूपालनाचं काय झालं ते बाबांना विचार, त्यांना आठवत असेल. जोडी घ्या, अंडी आम्ही घेऊ, असं सांगून शेतकऱ्यांच्या गळ्यात पक्षी मारले. पक्षी विकत घेणारा प्रत्येक जण पुढच्याला जोडी विकायलाच बसला होता, खाणारं कोणीच नव्हतं. शेवटी दाणापाणी परवडेना म्हणून लोकांनी ते सोडून दिले. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, असं जिवंत जनावराच्या बाबतीत करता येत नाही.

"जंगलातले वाचतात" हे वाक्य तुझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. तू पुण्यासाठी धडपडतोयस, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. पैदास करून प्राणी वाचवता येतात, खरंच येतात. आपल्या मुंबईचीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस), १८८३ सालची संस्था, हरयाणात पिंजोरला गिधाडांची पैदास करते. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं मरत होती. २००६ मध्ये सरकारने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली आणि इकडे केंद्रात पिल्लं वाढत राहिली. मीही पूर्वी ते औषध गुरांना लिहून दिलेलं आहे, त्यामुळे ही गोष्ट मला आतून माहीत आहे. त्या केंद्रांतली गिधाडं आता रानात सोडली जातात, आपल्या ताडोबा आणि पेंचमध्येही सोडली आहेत. तिथे मरणाचं कारण आधी शोधलं, रक्ताची नाती जपून जोड्या लावल्या, आणि एकही पिल्लू कोणाच्या दिवाणखान्यात गेलं नाही. तुझ्या रॅकमधलं कुठलं पिल्लू घानाच्या माळावर परत जाणार आहे? पांढरं पाइड तिथे पहिल्याच घारीच्या नजरेस पडेल.

शिवाय 'कैदेत पैदा झालेला' या शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. इंडोनेशियातून हिरवे वृक्ष-अजगर याच शिक्क्याखाली परदेशी जायचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांतले ऐंशी टक्क्यांच्या आसपास रानातून पकडलेले निघाले. कैदेतल्या पैदाशीमुळे मागणी वाढते, आणि वाढलेल्या मागणीला जो सगळ्यात स्वस्त पुरवेल तो पुरवतो. आपल्याकडे मांडुळाचं बघतोसच तू. काळी जादू आणि गुप्तधन यांच्या नादाने लाखांच्या अफवा उठतात आणि एक निरुपद्रवी, बिळात राहणारा साप गोणीत भरून हॉटेलांच्या पार्किंगमध्ये फिरवला जातो. सापाला एकदा भाव लागला की त्याची सुटका नसते, मग तो भाव अंधश्रद्धेने लावलेला असो की इन्स्टाग्रामने.

मला यात आणखी एक गोष्ट टोचते. लहानपणी आमच्या चाळीत नागपंचमीला गारुडी यायचा. टोपलीचं झाकण उघडलं की नाग फणा काढायचा आणि आम्ही मुलं मागे सरकायचो. त्या नागाचे दात तोडलेले असतात, कित्येकदा तोंड शिवलेलं असतं, दूध पाजलं तर ते त्याच्या फुप्फुसात जातं, हे पुढे पशुवैद्यकीय कॉलेजात शिकल्यावर कळलं. १९७२ च्या कायद्याने तो धंदा बेकायदा ठरला. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजाही उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली. दोन्ही वेळा आपण शहरातले सुशिक्षित लोक म्हणालो, बरं झालं. झालंही बरंच. पण त्या गारुड्याच्या हातात पिढीजात दुसरं काही नव्हतं, त्याचं पोट त्या टोपलीवर होतं. तुझी नोकरी बरी आहे. त्याच्या वेताच्या टोपलीत आणि रॅकमधल्या चपट्या प्लास्टिकच्या टबात सापाच्या दृष्टीने काय फरक आहे, हे मी बराच वेळ शोधत बसले होते. थर्मोस्टॅट आहे, एवढाच सापडला. अंग सरळ पसरायला जागा दोन्हीकडे नाही. रानात ही मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून जवळजवळ दोन महिने बसते. रॅकवाले पहिल्याच दिवशी ते वेटोळं सोडवून अंडी इन्क्युबेटरमध्ये नेतात, म्हणजे ती लवकर खाऊ लागेल आणि पुढच्या मोसमाला तयार होईल.

कुत्र्यांची पैदास चालते म्हणतोस. श्वास न घेता येणारे पग माझ्या टेबलावर दर उन्हाळ्यात येतात, त्यांच्या ब्रीडरनाही मी हेच बोलते. कुत्र्यांच्या पैदाशीला २०१७ पासून निदान नियम तरी आहेत. एकीकडचं चूक दुसरीकडे परवाना म्हणून दाखवता येत नाही.

घरचं. साप आणि पाळणा यांचा काहीही संबंध नाही, हे आईला शांतपणे सांग, आणि मूल हवं असेल तर तुम्ही दोघंही डॉक्टरांना भेटा, एकट्या बायकोला पाठवू नकोस. मात्र एक गोष्ट खरी आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला येतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तो जड जातो. बाळ आलं तर सापांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि बाळाच्या खोलीत साप नाही. बायको जे म्हणतेय ते मी दोन पानांत म्हणतेय, तिने चार शब्दांत म्हटलंय.

आता करायचं काय. वन्यजीव कायदा जाणणारा वकील गाठ आणि त्याच्याबरोबर वनविभागाकडे स्वतःहून जा. यात भीती वाटेल, वाटणं साहजिक आहे. कदाचित साप तुझ्याकडून नेतील, तीही तयारी ठेव. तोवर ते कोणाला देऊ नकोस, विकू नकोस, आणि काहीही झालं तरी डोंगरावर सोडू नकोस. तुझ्या घरामागे नॅशनल पार्क आहे. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव बर्मी अजगर सुटले, आणि २०१२ च्या एका अभ्यासानुसार तिथे रॅकून, ओपोसम यांसारखे प्राणी ९८-९९ टक्क्यांनी कमी दिसू लागले. तुझा बॉल पायथन तेवढा मोठा होत नाही हे खरं. पण पाळीव अजगरांत निडोव्हायरससारखे श्वसनाचे आजार फिरत असतात, आणि पलीकडे आपला स्वतःचा अजगर राहतो.

नर आणि माद्या आजच वेगळ्या कर. थंडी सुरू झाली की त्यांचा मोसम येतो. मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे वेगळं केल्यावरही अंडी आली तर दचकू नकोस. उबवायची नाहीत, त्याच दिवशी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याला फोन करायचा, कारण जे करायचं ते लवकर करावं लागतं. टब काढ. साप पूर्ण सरळ होईल एवढ्या लांबीची पेटी कर, एका टोकाला ३१-३२ अंशांची ऊब, दुसऱ्या टोकाला पंचविशीच्या आसपास, आणि दोन्हीकडे लपायला खोपटं.

मित्राला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी असते तर त्याला तेवढं चाळीस साध्या पिल्लांचं विचारलं असतं आणि तो काय बोलतो ते ऐकलं असतं.

स्पायडर मादीला उंदीर जिवंत कधीच देऊ नकोस. ती नेम चुकते आणि उंदीर चावतो, त्या जखमा मी शिवलेल्या आहेत. मेलेला, गरम केलेला, लांब चिमट्याने, जमिनीलगत धरून दे, म्हणजे तिला मान उचलून तोल सांभाळावा लागणार नाही. खोलीतला दिवा मंद ठेव, घाई करू नकोस. दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिही, आणि पुढच्या पत्रात ते आकडे मला पाठव.